घटकाभर

'उद्या' इतका सोज्ज्वळ शब्द आपल्या भाषेत दुसरा नसेल. 'नाही' म्हटले की समोरचा दुखावतो, 'हो' म्हटले की आपण अडकतो. 'उद्या' म्हटले की दोघेही हसतमुखाने आपापल्या घरी जातात. शिंप्याचा एक उद्या असतो, सुताराचा एक असतो, आणि आपला स्वतःचा एक असतो. पहिल्या दोघांवर आपण चिडतो, दोन शब्द बोलतो, पुन्हा या दुकानाची पायरी चढणार नाही अशी प्रतिज्ञाही करतो. स्वतःच्या उद्यावर मात्र कुणी चिडलेला माझ्या पाहण्यात नाही. तिथे फसवणारा आणि फसणारा एकाच ताटात जेवत असतात. भांडायचे कुणी कुणाशी?

या दुर्गुणाला (दुर्गुण म्हणायचे की नाही, ते पुढे पाहू) मराठीत नावे तरी किती! चालढकल, टाळाटाळ, टंगळमंगळ, दिरंगाई, वेळकाढूपणा. शिवाय भिजत पडलेले ते प्रसिद्ध घोंगडे आहेच. शेजाऱ्याला आपण एका नावाने हाक मारतो. घरातल्या लाडक्या पोराला मात्र बाळ्या, सोन्या, बंड्या अशी पाच नावे असतात. तेव्हा ही गोष्ट परकी नव्हे, घरातलीच, हे उघड आहे. पण या पाचसहा नावांतही भेद आहे, आणि तो आपण फार अचूक पाळतो. दिरंगाई कचेरीत होते. टंगळमंगळ दुसऱ्याने नेमून दिलेल्या कामात होते. 'चालढकल' ही मात्र सगळ्यांची. तो शब्द जरा उच्चारून पाहा. त्यात आरामखुर्ची नाही, डुलकी नाही. त्यात ढकलणे आहे. बंद पडलेली मोटार चार जणांनी ढकलत न्यावी तसे ते काम माणूस सोमवारकडून मंगळवारकडे, मंगळवारकडून बुधवारकडे ढकलत असतो, आणि त्यात त्याचा घाम निघत असतो. ज्याने कुणी हा शब्द घडवला त्याला पक्के ठाऊक होते की हा आळस नव्हे.

आळशी माणूस मी पाहिला आहे. तो सुखी असतो. चालढकल करणारा कधीच सुखी नसतो, आणि रिकामा तर नसतोच नसतो. ज्या दिवशी एखादे अवघड पत्र लिहायचे असते, नेमक्या त्या दिवशी घरातल्या सगळ्या डब्यांची झाकणे सापडतात. तुटलेली बटणे लागतात, तुळशीची माती बदलली जाते, सहा महिने हलणारी खुर्ची त्या दिवशी हलायची थांबते. आमच्या ओळखीतल्या एका मुलीने प्रबंधाचे शेवटचे प्रकरण लिहायच्या महिन्यात विणकाम शिकून घेतले. तिने विणलेला स्वेटर मी पाहिला आहे. उत्तम आहे. त्याच्या टाक्याटाक्यात ते न लिहिलेले प्रकरण दिसते.

मानसशास्त्राचे लोकही हल्ली हेच म्हणू लागले आहेत. कॅनडातले टिमोथी पिचिल आणि त्यांच्या एक सहकारी यांनी २०१३ साली या विषयावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचा सारांश माझ्या शब्दांत असा की, माणूस काम टाळीत नसतो. त्या कामाबरोबर मनात जे काही उठते, भीती, कंटाळा, अपमानाची शंका, ते तो टाळीत असतो. काम ढकलले की त्या क्षणापुरते बरे वाटते, आणि त्या बरे वाटण्याचीच चटक लागते. म्हणजे वेळापत्रक करून हा रोग बरा होत नाही तो का, हे कळले. वेळापत्रक घड्याळावर इलाज करते. दुखणे काळजात असते.

पण गंमत अशी, की या दुखण्यावरचा जो सर्वांत साधा उतारा आहे, तो पुन्हा घड्याळाचाच आहे.

१९५५ साली लंडनच्या 'इकॉनॉमिस्ट' साप्ताहिकात नॉर्थकोट पार्किन्सन या गृहस्थांनी आपला तो सुप्रसिद्ध नियम मांडला, की कामाला जितका वेळ मोकळा असेल तितके ते फुगत जाते. उदाहरणादाखल त्यांनी एका म्हाताऱ्या बाईंना उभे केले आहे. बाईंना दिवसभर दुसरे काम नाही, आणि भाचीला एक पोस्टकार्ड लिहायचे आहे. कार्ड शोधण्यात एक तास जातो, चष्मा शोधण्यात दुसरा, पत्ता हुडकण्यात अर्धा. मजकुराला सव्वा तास, आणि पुढच्या रस्त्यावरच्या टपालपेटीपर्यंत जाताना छत्री घ्यावी की नाही या विचारात वीस मिनिटे. लोक हे वाचून हसतात. मला त्या बाई अगदी जवळच्या वाटतात. आपल्याकडे त्यांनी पत्राच्या माथ्यावर 'श्री' काढून मध्येच चहा केला असता, इतकाच फरक.

योगायोग पाहा, की ती टपालपेटी ब्रिटिश बेटांत आणायला जो माणूस कारण झाला तो घड्याळ लावून लिहिणारा इंग्रजीतला सर्वांत मोठा लेखक. अँथनी ट्रॉलप हे टपाल खात्यात नोकरीला होते. १८५२ साली चॅनेल बेटांत पहिल्या रस्त्यावरच्या टपालपेट्या उभ्या राहिल्या त्या त्यांच्या शिफारशीने. या माणसाने ४७ कादंबऱ्या लिहिल्या, त्यातल्या बऱ्याचशा नोकरी सांभाळून. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचे, समोर घड्याळ ठेवायचे, आणि दर पाव तासाला २५० शब्द झालेच पाहिजेत असा दंडक. पहाटे उठवून कॉफी आणून द्यायला एक म्हातारा नोकर होता, त्याला या कामाचे वर्षाला पाच पौंड जादा मिळत. आपल्या सगळ्या यशाचे देणे मी कुणापेक्षाही त्या म्हाताऱ्याला लागतो, अशा अर्थाचे त्यांनी लिहून ठेवले आहे. हे सगळे त्यांच्या मृत्यूनंतर, १८८३ साली, आत्मचरित्रातून बाहेर आले आणि बऱ्याच रसिकांना ते रुचले नाही. प्रतिभा म्हणजे वीज चमकावी तशी चमकली पाहिजे. ती पाव तासाला २५० या मापाने नळातून येते म्हणजे काय! पण मला ट्रॉलपच्या दंडकात शब्दांच्या आकड्यापेक्षा ते पाव तासाचे तुकडे महत्त्वाचे वाटतात. कादंबरी लिहायला बसायचे धाडस रोज पहाटे कुणाला होईल? पाव तास बसायचे धाडस मात्र होते.

त्यानंतर शंभर वर्षांनी, १९८० च्या दशकाच्या अखेरीस, इटलीत फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या एका विद्यार्थ्याचे अभ्यासात मन लागेना. त्याने स्वतःशीच पैज मारली, की दहा मिनिटे तरी खरोखर अभ्यास करून दाखव. मोजायला त्याने स्वयंपाकघरातले गजराचे घड्याळ उचलले. ते टोमॅटोच्या आकाराचे होते; इटालियनमध्ये टोमॅटोला 'पोमोदोरो' म्हणतात, म्हणून त्या पद्धतीचे नाव 'पोमोदोरो'. दहा मिनिटांवरून पुढे वाढवत वाढवत त्याने जो आकडा पक्का केला तो २५ मिनिटांचा. पंचवीस मिनिटे एकच काम, मग पाच मिनिटे विश्रांती. असे चार फेरे झाले की मोठी विश्रांती. आज हे टोमॅटो जगभर पिकतात. मोबाइलमध्ये पिकतात, कचेऱ्यांत पिकतात; आमच्या शेजारच्या दहावीतल्या मुलाच्या टेबलावरही एक आहे.

मी हे प्रथम वाचले तेव्हा तो पंचवीसचा आकडा पाहून थबकले. कारण आपली घटका २४ मिनिटांची.

अहोरात्राच्या ६० घटका, घटकेची ६० पळे, आणि दोन घटकांचा एक मुहूर्त. 'मुहूर्त' या शब्दाला आपण चालढकलीच्या कामाला जुंपले आहे. चांगला मुहूर्त पाहू म्हणजे इतक्यात करू नये. मूळ शब्द मात्र नुसते वेळेचे माप आहे, ४८ मिनिटांचे. आणि घटका? 'घटकाभर बसा हो', 'घटकाभर डोळा लागला', 'घटकाभर करमणूक'. मराठी माणसाने पाहुणा, झोप आणि गप्पा या तिन्ही गोष्टी ज्या मापाने मोजल्या, त्याच मापाला तो इटालियन विद्यार्थी टोमॅटो पिळत पिळत एका मिनिटाच्या अंतरावर येऊन पोचला. यातून काही सिद्ध होते असे मी म्हणत नाही. माणसाचे मन एका दमात साधारण तेवढेच पोहत असावे, इतकीच शंका घेते.

घटका मोजायचे साधन म्हणजे घटिकापात्र. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी. ती पाण्यावर सोडायची. भोकातून पाणी हळूहळू आत येते, आणि ती भरून बुडाली की एक घटका झाली. माझ्या आजोबांकडे, म्हणजे आईच्या वडिलांकडे, असे एक पात्र होते. ते कोकणात एका खेड्यात पंचांग सांगत आणि लग्ने लावीत. सूर्यास्ताला ते पात्र घंगाळातल्या पाण्यावर सोडायचे आणि घटका मोजत मुहूर्त गाठायचा. मांडवात शंभर माणसांचा गलबला चाललेला असायचा, आणि कोपऱ्यात एक माणूस त्या पाण्याकडे डोळे लावून बसलेला असायचा. पुढे प्रत्येक मनगटावर घड्याळ आले. पात्र पूजेपुरते उरले. आजोबा गेल्यावर मामांनी जमीन वाटून घेतली, आणि आईला काय हवे म्हणून विचारले, तेव्हा तिने ते पात्र मागितले. करवंटीएवढी ती वाटी पाहून मामी म्हणाल्या होत्या, "अगो, निदान भोक नसलेलं तरी काहीतरी माग!"

माझे बाबा २०१९ च्या फेब्रुवारीत गेले. साताऱ्याच्या घरात आई एकटी राहिली. बाबांचे एक गोदरेजचे कपाट होते. घरातला प्रत्येक कागद त्यात, आणि किल्ली बाबांच्या जानव्याला. ती किल्ली आता आईच्या कनवटीला आली होती. कपाट मात्र उघडले जात नव्हते.

उघडणे तर जरूर होते. बाबांच्या मागे आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळायचे. त्यासाठी मृत्यूचा दाखला, निवृत्तिवेतनाच्या मूळ आदेशाची प्रत आणि अर्ज लागत होता. दाखला होता. आदेशाचा कागद कपाटात होता. बँकेतले गृहस्थ भले होते. दोनदा समजावून सांगून गेले होते. आई मान डोलवायची. घरखर्च ठेवीच्या व्याजावर चालला होता, आणि आम्ही भावंडे पैशाचे नाव काढले की ती म्हणायची, "मला काय कमी आहे? एका बाईला किती लागतं?" मग आम्हाला कळायला लागले, की दुधाचा रतीब अर्ध्यावर आला आहे आणि वर्तमानपत्र बंद झाले आहे.

माझा चुलतभाऊ कर्तबगार आहे. तो एकदा येऊन म्हणाला, "काकू, मी एका रविवारी बसतो आणि सगळं उडवून टाकतो."

"उडवायला ती काय धूळ आहे?" आई म्हणाली. तो विषय तिथेच संपला.

आईला आळशी म्हणणारा माणूस अजून जन्मायचा आहे. त्या आठ महिन्यांत तिने घरातली सगळी भांडी कल्हईला दिली, गाद्या पिंजून घेतल्या, माळ्यावरच्या ट्रंकांना रंग दिला. चालढकलीत कष्ट असतात असे मी वर म्हटले, ते मी पुस्तकात वाचलेले नाही.

त्या वर्षी घरात सण नव्हता. नवरात्रात मी साताऱ्याला गेले ती नुसती सोबतीला. खंडेनवमीला आजोबांकडे पंचांगाची आणि पात्राची पूजा व्हायची. आईने ती पुढे सासरीही चालवली होती. यंदा पूजा नाही, पण घासायला काय हरकत आहे, असे म्हणून तिने पात्र काढले. मग ते नीट चालते का पाहावे म्हणून मोठ्या पातेल्यात पाणी घेऊन त्यावर सोडले. भिंतीवरच्या घड्याळाला लावून पाहिले तर ते २७ मिनिटांनी बुडाले. "भोक बुजलंय," आई म्हणाली. मी सुई आणायला उठले, तर केवढ्याने ओरडली! सुईने भोक मोठे होते आणि घटका लहान होते. तिच्या वडिलांनी एका उपद्व्यापी शिष्याला याच गोष्टीवरून घरी पाठवला होता म्हणे. तिने चिंच लावून वाटी घासली, केरसुणीची एक हीर मोडून भोकातून अलगद फिरवली, आणि पुन्हा पाण्यावर सोडली.

घटिकापात्र बुडताना पाहायची एक मौज आहे. आधी काही होतच नाही. मग नीट पाहिले की तळातून पाण्याचा एक सुतासारखा कारंजा आत उडताना दिसतो. मग तोही दिसेनासा होतो, आणि वाटी गरोदर बाईसारखी जड होत जाते. मी ते पाहत बसले होते. आई उठली. कनवटीची किल्ली काढली, आणि जाताजाता, जणू दुधाकडे लक्ष ठेव म्हणावे तसे, म्हणाली, "बुडालं की हाक मार. तोवर बघते काय आहे ते."

त्या पहिल्या घटकेत तिने कागदांना हात लावला नाही. वरचा कप्पा उघडला. डांबराच्या गोळ्यांचा वास घरभर झाला. मफलर निघाला, चष्म्याची दोन घरे निघाली. ती मफलर हातात घेऊन उभी होती, तेवढ्यात पात्र बुडाले. त्याचा आवाज म्हणजे काय, नुसता एक 'डुब्'. मी हाक मारली. आईने मफलर होता तिथे ठेवला, दार लावले आणि किल्ली फिरवली.

"अगं, एवढा कप्पा तरी पुरा कर," मी म्हणाले.

"बुडालं ना?" ती म्हणाली, आणि भात लावायला गेली.

घड्याळ लावून काम करण्याची शिफारस करणारे लोक नेहमी आरंभाबद्दल बोलतात: पंचवीसच मिनिटे आहेत, सुरू तर करा. मला त्या दिवशी कळले की त्यातला खरा भाग दुसऱ्या टोकाला आहे. आई कपाट उघडायला भीत नव्हती. उघडल्यावर आपल्याला ते पुन्हा मिटता येणार नाही, दिवसच्या दिवस आपण तिथेच बसून राहू, याला ती भीत होती. त्या कपाटाला काठ नव्हता. पात्राने काठ दिला. 'आता पुरे' हे तिला स्वतःला म्हणावे लागत नव्हते. ते वाटी म्हणत होती, आणि वाटी तिच्या वडिलांची होती. चुलतभावाचा रविवार कितीही प्रेमाचा असला तरी त्याला बुडण्याची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी एक घटका. तिसऱ्या दिवशी एक. चौथ्या दिवशी सकाळी चहा पितापिता ती आपणहून म्हणाली, "त्या पिवळ्या पाकिटात काय होतं कोण जाणे. अर्धंच बघितलं काल." ब्लूमा झायगार्निक नावाच्या बाईंनी १९२७ साली बर्लिनमध्ये प्रयोग करून दाखवले होते, की पुऱ्या झालेल्या कामापेक्षा मध्येच तोडलेले काम माणसाच्या अधिक ध्यानात राहते. हॉटेलातल्या पोऱ्याला न फेडलेली बिले तोंडपाठ असतात आणि पैसे मिळाले की तो ती विसरतो, या निरीक्षणातून ती कल्पना निघाली असे सांगतात. पुढच्या सगळ्याच प्रयोगांनी त्यांना दुजोरा दिला असे नाही. पण जुन्या इराण्याच्या दुकानातला, लांबूनच गल्ल्याकडे ओरडून हिशेब सांगणारा पोऱ्या ज्याने पाहिला आहे, तो झायगार्निकबाईंवर अविश्वास दाखवणार नाही. आईचे ते पिवळे पाकीट म्हणजे न फेडलेले बिल होते. त्या दिवशी तिने दोन घटका केल्या.

आदेशाचा कागद अकराव्या घटकेला सापडला. विजेच्या जुन्या बिलांच्या गठ्ठ्यात, रेडिओच्या परवान्याच्या खाली. त्याची कुठलीच गडबड झाली नाही. आईने तो बाजूला ठेवला आणि पुढचे पाकीट उघडले. भाऊबिजेनंतर ती आणि माझा भाऊ बँकेत जाऊन अर्ज देऊन आले. त्या दिवाळीत घरी तळण नव्हते. शेजारून आलेल्या चकल्या खात आम्ही तो अर्ज भरला होता. कपाट मात्र त्यानंतरही चालूच राहिले. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आई घटकेला एक रेघ काढीत असे. एकंदर ४३ रेघा झाल्या. मी हिशेब केला: सतरा तास बारा मिनिटे. म्हणजे चुलतभावाचा अंदाज तसा चुकीचा नव्हता. ते एका लांबलचक रविवारचेच काम होते. फक्त तसला रविवार कुठल्याच पंचांगात नसतो.

या उपायाला मर्यादा नाहीत असे नाही. अनारसे तळताना वाटी बुडाली म्हणून उठून चालत नाही. गवयाला ख्यालाच्या ऐन भरात कुणी टोमॅटो वाजवून दाखवला तर तो तंबोरा उचलील, आणि तो वाजवण्यासाठी नव्हे. मी स्वतः लिहायला बसते तेव्हा पहिली घटका हवी असते, दुसरी हवी असते. तिसरीला लेखाने चाल धरली की घड्याळ पालथे घालून ठेवते. घोडा उधळल्यावर चाबूक कशाला? ट्रॉलपच्या घड्याळाशीही मी शेवटपर्यंत सहमत नाही. पाव तासाला २५० शब्द म्हटले की माणूस शब्दच मोजू लागतो. आईने किती कागद झाले ते कधी मोजले नाही. तिने फक्त बुडालेल्या वाट्या मोजल्या. आणि या उपायाचे हल्ली जे स्तोम माजले आहे, दिवसाला सोळा टोमॅटो करून दाखवा वगैरे, ते पाहिले की वाटते, चालढकलीला नवे घर मिळाले. माणसे आता काम करायच्या ऐवजी टोमॅटो लावत बसतील.

एकोणतिसाव्या घटकेला एक वही निघाली. शंभर पानी, खाकी पुठ्ठ्याची. पहिल्या पानावर बाबांच्या वळणदार अक्षरात मथळा होता: 'माझ्या पश्चात'. खाली एकाखाली एक आकडे घातले होते, १ ते १०. १ म्हणजे गॅसचा ग्राहक क्रमांक. २ म्हणजे घरपट्टी कुठे आणि कधी भरायची. ३, विम्याचे कागद कोणत्या कप्प्यात. ४ च्या पुढे लिहिले होते, 'निवृत्तिवेतनाच्या आदेशाची प्रत', आणि त्यापुढे एक आडवी रेघ. पाचपासून दहापर्यंत नुसते आकडे होते. शाईवरून दिसत होते की दहाही आकडे एका बैठकीत घातलेले आहेत. तारीख २०११ ची होती.

आईने ती वही मांडीवर घेतली. मला वाटले ती रडेल. ती बराच वेळ त्या मोकळ्या आकड्यांकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "ह्यांना अक्षर चांगलं यायला हवं असायचं. वेळ लागायचा." मग पात्र बुडाले. तिने कपाट लावले, पण वही बाहेरच ठेवली.

पुढचे मला फोनवरून कळत गेले. चौथ्या आकड्यापुढे तिने लिहिले, 'सापडली. मधला कप्पा, निळी फाइल.' मग पाचवा आकडा. सकाळची आवराआवर झाली की पात्र पाण्यावर सोडायचे आणि ते बुडेपर्यंत वही घेऊन बसायचे. एका घटकेत कधी दोन ओळी होत, कधी एकही होत नसे. पण ती बसे. पाचव्या आकड्यात बँकेचे खाते आणि वारस. सहाव्यात तिच्या दोन बांगड्या आणि मोहनमाळ. कोणाला काय, ते ठरवायला तिला एकोणीस घटका लागल्या आणि त्या काळात तिने माझ्याशी आणि माझ्या भावजयीशी मोजून सारखेच फोन केले. सातव्यात, आपले दिवस करू नयेत, त्या पैशात गावच्या शाळेला पिण्याच्या पाण्याची टाकी बसवावी. हे वाचून माझा भाऊ गप्प झाला. आम्हा दोघांच्या मनात हा विषय वर्षभर होता. तो तिच्यापाशी काढायचा कसा, ते आम्हाला सुचत नव्हते. आठव्यात भाजणीचे प्रमाण, कारण ते कुणीही नीट विचारून घेतले नव्हते. नववा आकडा तिने बरेच दिवस मोकळा ठेवला, आणि मग त्यात बाबांविषयी तीन ओळी लिहिल्या. त्या इथे देत नाही.

गेल्या वैशाखात शेजारच्या मुलीचे लग्न होते. त्यांच्या गुरुजींना हौस, त्यांनी पात्र मागून नेले. आठ दिवसांनी ते परत आले तेव्हा त्याला हळदकुंकवाचा थर बसला होता, आणि कुणीतरी भोकात सुई घालून पाहिलेले दिसत होते. आईने ते घासले, पाण्यावर सोडले. साडेबावीस मिनिटांत बुडाले. "दीड मिनिटाला आले मी," ती मला फोनवर म्हणाली, आणि त्याच दिवशी वहीतला दहावा आकडा भरून टाकला: 'घटिकापात्र थोरल्या नातीला द्यावे. भोक सुईने साफ करू नये. केरसुणीची हीर वापरावी.'